फोटो स्वच्छ आला पाहिजे

लख्खताईचं खरं नाव फक्त हजेरीपत्रकात उरलं होतं. बाकी अख्ख्या इमारतीत तिला लख्खताईच म्हणत, आणि त्यात लोकांचा काही दोष नव्हता. बाईच्या तोंडात दुसरा शब्दच नाही. भांडं कसं हवं? लख्ख. ओटा कसा हवा? लख्ख. आचारी तर एकदा म्हणाला, "ताई, माझ्याकडे असं टक लावून बघू नका हो, मलाही घासायला घ्याल."

इमारत म्हणजे आजारी म्हाताऱ्यांचं निवासगृह. तीन मजले, चौसष्ट खाटा, तळघरात स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराच्या टोकाला एक खिडकी. वरची खरकटी ताटं सामानाच्या लिफ्टमधून खाली यायची, ती या खिडकीत उतरवून घ्यायची आणि घासायला पुढे सरकवायची. लख्खताई बारा वर्षं या खिडकीत उभी होती. गुडघे गेले, कंबर गेली, पण ताट काही तिच्या हातून कधी ओशट गेलं नाही.

आणि वर, दुसऱ्या मजल्यावर, बावीस नंबरच्या खाटेवर होता दादा. तिचा सख्खा मोठा भाऊ. आईबाप लवकर गेले तेव्हा ती सात वर्षांची आणि हा अठराचा. दुकानांच्या पाट्या रंगवून त्याने तिला वाढवलं. हातात ब्रश धरला की मोठमोठे दुकानदार गप्प उभे राहायचे, असं त्याचं अक्षर. गेल्या वर्षी त्याला झटका आला, उजवा हात गेला आणि वाचाही गेली. सगळी भाषा धुऊन निघाली आणि एकच शब्द मागे राहिला, "बास." पाणी हवं असलं तरी बास, पाणी नको असलं तरी बास. बहीण आली की हसून बास, जायला निघाली की डोळ्यांत पाणी आणून बास. लख्खताईला प्रत्येक बास वेगळा ऐकू यायचा. इतरांना तो एकच ऐकू यायचा, आणि सगळं घोडं तिथेच अडलं.

कारण पोटभर जेवण दुपारचंच, सकाळ-रात्र नुसती पातळ पेज; आणि त्या दुपारच्या जेवणाला वॉर्डच्या मावशीकडे चौदा माणसं आणि पाऊण तास. दादा डाव्या हाताने, थरथरत, दोन घास खायचा. तेवढ्यात मावशी विचारायची, "आजोबा, झालं का?" दादा म्हणायचा, "बास." की उचललं ताट! मावशी वाईट नव्हती. माणूस स्वतःच्या तोंडाने बास म्हणतोय, तर तिने काय त्याच्याशी भांडायचं?

लख्खताईला यातलं काही दिसत नव्हतं. वर जेवणं चालायची तेव्हा ती खाली खिडकीत. चार ते पाच भेटीची वेळ, तेव्हा ती वर जायची, तोवर ताटं केव्हाच धुऊन मांडणीवर गेलेली असत. घरून काही आणून भरवायचीही बंदी. घास अडकला तर जबाबदार कोण, म्हणून.

यंत्र आलं ते पावणेदोन महिन्यांपूर्वी. दोन कॅमेरे. एक वाढण्याच्या ओट्यावर, एक लख्खताईच्या खिडकीत. खाली पाटासारखी पांढरी फळी, तिच्यावर ताट ठेवायचं, वर डोळा. ओट्यावरचा डोळा ताटावरचा खाटेचा नंबर आणि जेवण बघून बोलायचा: भात, सूप, उकडलेली भाजी, दही, इतके ग्रॅम, इतक्या कॅलरी. आचाऱ्याचं डोकंच फिरलं. "तीस वर्षं अंदाजाने वाढतोय, आता हिला हिशेब द्यायचा? सासूबाईच आणून बसवल्या की डोक्यावर!" त्या दिवसापासून यंत्राचं नाव सासूबाई.

बसवायला आलेला चष्मेवाला माणूस घाईत होता. वरच्या लोकांना त्याने दोन तास काय काय समजावलं, आणि खिडकीपाशी येऊन लख्खताईला एवढंच म्हणाला, "ताई, तुमचं काम एकदम सोपं. बाकी काही बघू नका. फोटो स्वच्छ आला पाहिजे, बस्स."

"स्वच्छच येईल," लख्खताई म्हणाली. "ते मला सांगायला नको."

हा फोटो कशासाठी, हे तिला कुणी सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. गेल्या वर्षी अठरा वाट्या गायब झाल्या होत्या. तिला वाटलं, परत आलेली ताटं मोजत असतील.

पहिल्या दिवशी पहिलं ताट तिने फळीवर ठेवलं. अर्धवट खाल्लेला भात, त्यावर चुरगळलेला कागदी रुमाल. सासूबाई गोड आवाजात म्हणाल्या, "फोटो स्वच्छ नाही. ताट पुन्हा ठेवा." लख्खताई शरमून गेली. बरोबरच आहे की! फोटो काढायचा आणि खरकटं ताट पुढे करायचं? तिने सगळं बादलीत निपटलं, ओल्या फडक्याने ताट गोल पुसलं आणि पुन्हा ठेवलं. "धन्यवाद," सासूबाई म्हणाल्या. झालं! बारा वर्षांत या खिडकीत तिला धन्यवाद म्हणणारं दुसरं कुणी भेटलं नव्हतं. त्यानंतर चौसष्टच्या चौसष्ट ताटं, रोज, आधी निपटायची, पुसायची आणि मगच डोळ्याखाली धरायची. एकदाही सासूबाईंनी तक्रार केली नाही.

महिन्याभरात फलकावर कागद लागला: दुपारच्या जेवणात अन्नाची नासाडी जवळजवळ शून्य. साहेबांनी, म्हणजे निवासगृहाच्या व्यवस्थापकांनी, सगळ्यांना चहा पाजला. आचाऱ्याची कॉलर ताठ झाली. खरकटं न्यायला येणारा बादलीवाला तेवढा म्हणाला, "नासाडी नाही म्हणता, मग माझी बादली काय हवेने भरते?" त्यावर सगळे हसले. लख्खताईसुद्धा हसली. पुढे ते हसणं तिला कधी विसरता आलं नाही.

कारण दादा वाळत चालला होता. त्याच्या डाव्या मनगटावर जुनं घड्याळ असायचं. ते आधी मनगटावर सैल झालं, मग हात वर केला की घसरायला लागलं, आणि एका दुपारी थेट कोपरापाशी जाऊन थांबलं. लख्खताई तशीच आहारवाल्या मॅडमकडे गेली. या मॅडम सगळ्यांचं पथ्यपाणी बघायच्या. स्वभावाने चांगल्या, पण कामाने पार पिळून निघालेल्या.

"मॅडम, माझा दादा वाळतोय हो. बावीस नंबर. त्याला भरवणी यादीत घ्या ना."

भरवणी यादी म्हणजे ज्यांचं जेवण कमी झालंय त्यांची यादी. त्यात नाव आलं की दुपारी एक वेगळी बाई खाटेशी बसून अर्धा तास सावकाश भरवते, वर दाट दुधाचा पेला. दादाला तेवढंच तर हवं होतं. शेजारी बसणारं कुणीतरी, ज्याला घाई नाही.

मॅडमनी पडद्यावर बोट ठेवलं. "ताई, साठ टक्क्यांच्या खाली जेवण गेलं तरच नाव येतं. तुमचे दादा तर अठ्ठ्याण्णव टक्के खातात. रोज. हे बघा, दुपारी सातशे चाळीस कॅलरी, सव्वीस ग्रॅम प्रथिनं. माझ्यापेक्षा चांगलं जेवतात."

"मग वाळतोय का?"

"तेच तर. डॉक्टरांनाही तोच प्रश्न पडलाय. एवढं खाऊन अंगी लागत नाही म्हणजे आत काहीतरी असणार. म्हणून तर दोनदा रक्त तपासायला घेतलं."

म्हणजे खायला मिळत नव्हतं ते नव्हतं, वर होतं ते रक्तही काढून घेत होते!

"पण तो सगळं खातो, हे कुणी बघितलं?" लख्खताईने विचारलं.

"कॅमेऱ्याने. थांबा, फोटोच दाखवते." मॅडमनी पडद्यावर फोटो मोठा केला. वर बावीस नंबर, कालची तारीख. खाली रिकामं ताट. नुसतं रिकामं नाही, लख्ख. आणि ताटात डावीकडून उजवीकडे गेलेली ओल्या फडक्याची गोल रेघ.

स्वतःच्या हाताची रेघ माणूस ओळखतो. लख्खताई मॅडमच्या टेबलाला धरून खाली बसली.

"हे मी पुसलंय," ती म्हणाली. "मॅडम, हे मी पुसलंय. सगळीच मी पुसलीत."

"काय?"

"ते म्हणाले, फोटो स्वच्छ आला पाहिजे."

मॅडमच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्यांनी पडद्यावर आणखी दोन फोटो उघडले, दोन्हींत तीच रेघ. मग हळूच म्हणाल्या, "स्वच्छ म्हणजे नीट दिसेल असा हो, ताई."

आणि हे लख्खताईला कुणी शिकवायला हवं होतं का? उभा जन्म दादाच्या तोंडून तिने तोच शब्द ऐकला होता. पाटी रंगवून झाली की तो तिला रस्त्याच्या पलीकडे उभं करायचा आणि ओरडून विचारायचा, "अक्षर स्वच्छ आहे का गं?" ती म्हणायची, "स्वच्छ आहे!" तिथून वाचता येतंय, एवढाच त्याचा अर्थ होता. पुढे भांडी घासण्यात इतकी वर्षं गेली की तो अर्थ कुठे पडून गेला, तिचं तिलाच कळलं नाही.

मॅडमनी त्याच दिवशी हाताने अर्ज लिहून यादीत बावीस नंबर घातला. दुसऱ्या दिवशी वरून, मुख्य कचेरीतून, उत्तर आलं: नोंदीशी विसंगत, सबब अमान्य. मॅडम तिला घेऊन साहेबांकडे गेल्या.

साहेबांनी सगळं ऐकलं आणि डोकं धरलं. "म्हणजे पावणेदोन महिने चौसष्ट माणसांच्या नोंदी खोट्या, असं मी वर कळवू? अहो, बाकीच्या चार इमारतींत हेच यंत्र आपल्या आकड्यांवर बसवलंय!"

"एका माणसापुरतं तरी बघा, साहेब," लख्खताई म्हणाली. "चूक माझी आहे. मला काढून टाका हवं तर."

"तुम्हाला काढून काय होणार? ती यादी आता यंत्र काढतं. पूर्वी मॅडम काढायच्या, तेव्हा मी एका शब्दात केलं असतं. माझ्या हातात काही ठेवलंय का त्यांनी?" साहेब खोटं बोलत नव्हते. कंपनीला त्यांनी तिथेच फोन लावला. तिकडच्या माणसाने चुकांची यादी वाचून दाखवली: कॅमेऱ्यावर धूळ, वाफ, अपुरा उजेड, चुकीचा नंबर. ताट पुसणे, ही चूक त्या यादीत नव्हती. त्यामुळे तिची तक्रारही नोंदवता येत नव्हती.

"मग एवढं तरी करा," लख्खताई म्हणाली. "दुपारी मला वर जाऊ द्या. मीच भरवते त्याला."

"आणि खिडकीत कोण उभं राहणार? ताई, भरवायचं प्रशिक्षण लागतं. घास श्वासनलिकेत गेला तर?" मग साहेब म्हणाले, "आजपासून ताटं न पुसता ठेवा. आकडा आपोआप खाली येईल."

आकडा खाली येत होता, नाही असं नाही. पण सासूबाई एका दिवसावर विश्वास ठेवणाऱ्या नव्हत्या. त्या गेल्या तीस दिवसांची सरासरी धरायच्या. दादा खायचा वीस टक्के, पण त्याच्या डोक्यावर लख्खताईने पुसलेली तीस ताटं होती. पहिल्या दिवशी सरासरी झाली पंच्याण्णव. दुसऱ्या दिवशी ब्याण्णव. मॅडमनी कागदावर गणित मांडून सांगितलं, "पंधराव्या दिवशी साठच्या खाली येईल."

पंधरा दिवस! लख्खताईने वॉर्डच्या मावशीचे हात धरले. "अगं, तो बास म्हणतो ना, ते खरं धरू नकोस. त्याला तेवढंच येतं." मावशीने मान डोलावली. दोन दिवस तिने खरंच दादापाशी पाच मिनिटं जास्त काढली. तिसऱ्या दिवशी तिची पाळी बदलली, नवी मावशी आली. तिला सांगितलं, तर आठवड्याने आणखी नवी आली. लख्खताईने मग कागदावर लिहून खाटेला चिकटवलं: हे बास म्हणाले तरी ताट उचलू नये. सिस्टरनी तो काढला. खाटेला काही चिकटवायचं नाही, असा नियम होता.

रोज दुपारी बावीसचं ताट खाली आलं की ती ते वाचायची. हो, वाचायचीच. भाताच्या कडेला चमच्याने पाडलेले दोन खड्डे, म्हणजे दोन घास. दह्याची वाटी उजवीकडे राहिली, म्हणजे तिथवर हात पोचला नाही. कधी भात ताटाबाहेर सांडलेला, म्हणजे हात फार थरथरला. मग ती तसंच ताट डोळ्याखाली सरकवायची. सासूबाई म्हणायच्या, "धन्यवाद." तिच्या हाताला फडक्याकडे जायची सवय होती, तो हात ती पोटाशी धरून ठेवायची.

आठव्या दिवशी सरासरी सत्त्याहत्तर झाली, आणि तिचा धीर सुटला. जन्मात कुणाला फसवलं नव्हतं त्या बाईने दुसऱ्या दिवशी सासूबाईंना फसवायचं ठरवलं. शेजारच्या ताटातलं उरलेलं चमच्याने उचलून तिने दादाच्या ताटात घातलं. दिसू दे भरलेलं! होऊ दे शून्य टक्के! दोन दिवस आधी तरी नाव येईल. आयुष्यभर ताटं पुसली, आणि आता तीच बाई खरकटं ताट आणखी खरकटं करत होती.

सासूबाई म्हणाल्या, "उकडलेलं अंडं, बारा ग्रॅम. बावीस नंबरला अंडं दिलेलं नाही. आजची नोंद रद्द."

एवढासा पिवळा तुकडा, भाताखाली दबलेला, तिला स्वतःला दिसला नव्हता. आचारी मागून बघत होता. त्याने नेहमीसारखी थट्टा केली नाही. नुसतं म्हणाला, "ताई, हिच्यापुढे आपलं चालत नाही हो." तो दिवस मोजणीतून गेला. पंधराचे सोळा झाले.

रोज चार वाजता ती वर जायची. दादाच्या कोपरावरचं घड्याळ मनगटाशी आणायची, हात सोडला की ते पुन्हा खाली घरंगळायचं. ती त्याला आकडा सांगायची. बहात्तर झालं रे. सहासष्ट झालं. दादा तिच्या तळहातावर डाव्या बोटाने काहीतरी गिरवायचा, पण डाव्या हाताचं ते अक्षर तिला लागायचं नाही. बोट पुन्हा पुन्हा तिथेच फिरायचं. "स्वच्छ नाही रे, दादा," ती म्हणायची, आणि तिला रडू फुटायचं.

पंधराव्या दिवशी सरासरी एकसष्ट होती. अंड्याचा दिवस मोजला गेला असता तर आजच झालं असतं, हे तिने मनातल्या मनात दहा वेळा मोजून पाहिलं. त्या दिवशी दादा डोळे मिटूनच होता. ती कानाशी वाकली. "उद्या तुझं नाव येतंय. बाई येईल, शेजारी बसेल, सावकाश भरवेल. एकच दिवस. एवढा एक दिवस काढ."

दादाने डोळे उघडले नाहीत. "बास," तो म्हणाला. त्याचे सगळे बास तिला ओळखता यायचे. हा तिने ओळखला नाही, किंवा ओळखून घ्यायचा नाही असं ठरवलं.

सोळाव्या दिवशी ती तासभर आधी आली. फोन नेहमीप्रमाणे मागच्या कपाटात ठेवला, स्वयंपाकघरात फोन चालत नसे. आचाऱ्यानेही घड्याळाकडे बघत बघत ताटं वाढली. बावीसच्या भातावर त्याने डावाने जरा जास्तच दाबून मूद पाडली, उगाचच. ताटं वर गेली. पाऊण तासाने लिफ्ट खाली यायला लागली. अठरा, एकोणीस, वीस, एकवीस.

बावीसचं ताट झाकण घालून आलं होतं. विसरली असेल मावशी, असं म्हणत तिने ते तसंच फळीवर सरकवलं.

"फोटो स्वच्छ नाही," सासूबाई म्हणाल्या. "ताट पुन्हा ठेवा."

तिने झाकण उचललं. आतून वाफेचे गार थेंब ओघळले. खाली भाताची मूद होती, डावाच्या खुणेसकट. एकही खड्डा नव्हता. दही तसंच, सूप तसंच, चमचा कागदी रुमालात गुंडाळलेला, जसा खालून गेला होता तसाच. दादा काही झालं तरी दोन घास खायचा. कितीही हात थरथरला तरी दोन घास.

मागे कपाटात तिचा फोन वाजत होता. थांबत होता आणि पुन्हा वाजत होता. भर दुपारी तिला फोन करणारं दुसऱ्या मजल्याशिवाय जगात कुणी नव्हतं. दादा गेला, हे तिला कुणी येऊन सांगायची गरज पडली नाही.

"धन्यवाद," सासूबाई म्हणाल्या. "बावीस नंबर. आज शून्य टक्के. सरासरी अठ्ठावन्न. भरवणी यादीत नाव घेतलं आहे."

आचाऱ्याने हातातला डाव ओट्यावर टाकला आणि टाळी वाजवली. "आलं! ताई, आलं की हो नाव! ऐकलंत का?"

लिफ्ट तेवीसचं ताट घेऊन येऊन थांबली होती. लख्खताईने तिकडे पाहिलं नाही. ती चमच्याभोवतीचा रुमाल उलगडत होती, हळूहळू, कागद फाटू नये असा. चमचा लख्ख होता.